खाणीतला जिताडा

गळ टाकणारी माणसं माशाच्या लांबीबद्दल थापा मारतात. माझे बाबा, उमाकांत, त्या बाबतीत अगदी धुतल्या तांदळासारखे. त्यांनी थाप मारली ती छातीतल्या कळेबद्दल. ‘जरा अपचन झालंय’ असं मला फोनवर सांगून ते रेवदंड्याच्या खाडीवर जिताडा धरायला गेले आणि बांधावर घामाने निथळत बसून राहिले. शेजारी नेमके त्या वाटेने आले म्हणून वाचले.

हॉस्पिटलातून सोडल्यावर मी त्यांना सरळ बंगळूरला आणलं. विचारलं वगैरे नाही. आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहत होते. मला भावंड नाही, मी लग्न केलेलं नाही, म्हणजे घर म्हणून जे काही आहे ते आम्ही दोघंच. त्यातल्या एकाने कुठल्यातरी बांधावर एकट्याने मरून जावं हे मला मान्य नव्हतं. बाबांना होतं. ‘दिवाळी झाली की मी चाललो,’ असं त्यांनी विमानतळावर सामानाची वाट बघतानाच जाहीर करून टाकलं.

माझा फ्लॅट बेळ्ळंदूरला, आणि बाल्कनीतून तळं दिसतं. मला वाटलं होतं, पाणी दिसलं की त्यांना बरं वाटेल. पहिल्या सकाळी त्यांनी बाल्कनीत जाऊन खोल श्वास घेतला, नाकाला पंचा लावला आणि आत आले. ‘ह्याला तळं म्हणतात?’ एवढंच बोलले. त्या वासाची बाजू घेणं मलाही जमलं नाही.

मग ते नुसते बसून राहायला लागले. खत कारखान्यात उभा जन्म पाळ्या केलेला माणूस, रिटायर झाल्यावरही रोज भरतीच्या वेळेला घराबाहेर पडणारा, आता लिफ्टचा आवाज ऐकत सोफ्यावर बसलेला. मी मीटिंगमधून डोकं वर काढून विचारायचे, ‘बाबा, काय करताय?’ ते म्हणायचे, ‘दिवस मोजतोय.’ मला असा संताप यायचा. आणि संतापाच्या खाली भीती, हेही सांगून टाकते.

एका शनिवारी मी चिडून फोनवर शोधलं: बंगळुरात मासे धरायचं सामान कुठे मिळतं. हलसूरच्या एका दुकानाचा नंबर लागला. पलीकडचा माणूस आधी इंग्लिशमध्ये बोलला, मग कन्नडमध्ये. माझ्या बाजूने बाबा ‘कशाला नसत्या उठाठेवी’ म्हणून ओरडत होते आणि मी त्यांना ‘गप्प बसा हो जरा’ म्हणून ओरडत होते. ते ऐकून पलीकडचा माणूस मराठीत म्हणाला, ‘अण्णांना घेऊन या की अक्का. भांडण इथं करूया.’

हे मानसिंग. माझ्याहून तीस वर्षांनी तरी मोठे, आणि मला अक्का म्हणणार. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून बंगळुरात आहे. मराठी घरात बोलतात, पण त्या मराठीत कन्नड अशी मुरलेली की कुठे एक संपते नि दुसरी सुरू होते ते त्यांनाही सांगता येत नाही. दुकान हलसूरच्या एका बोळात, समोर फुलवाली, मागे त्यांचं घर.

‘या अण्णा. स्वल्प बसा. कॉफी?’

‘एवढी शतकं झाली,’ बाबा बसता बसता म्हणाले, ‘मग तुमचे लोक परत का नाही गेले?’

मी डोळे मोठे केले. ओळख ना पाळख आणि हा प्रश्न! पण मानसिंगकाका हसले. ‘कशाला जायचं? जेवण इथं, मासा इथं.’

बाबांचं लक्ष एव्हाना भिंतीवरच्या फोटोकडे गेलं होतं. एक माणूस दोन्ही हातांनी रुपेरी, जाड पाठीचा, पुढे निघालेल्या जबड्याचा मासा धरून उभा होता. बाबा उठले, चष्मा वर-खाली केला.

‘हा जिताडा आहे.’

‘सी बास म्हणतात अण्णा.’

‘तुम्ही काय वाटेल ते म्हणा. मी ह्याला ओळखतो.’ त्यांचा आवाज बदलला होता. बंगळुरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी कशाला तरी ओळखलं होतं. ‘इथे कुठून आला?’

होसकोटेच्या पुढे एक जुनी दगडाची खाण होती. दगड काढून झाल्यावर ती सोडून दिली, पावसाने भरली, आणि महांतेश नावाच्या मालकाने तिच्यात जिताड्याची पिल्लं सोडली. आता लोक तिथे हौसेने मासे धरायला जात. एका माणसाला एक मासा घरी न्यायची परवानगी. जिताडा गोड्या पाण्यात जगतो हे बाबांना नवीन नव्हतं, आमच्याकडे खाजणातल्या तळ्यांत सोडतात. पण महांतेशची एक अट होती: जिवंत आमिष नाही. कोळंबी नाही, काही नाही. फक्त रबरी मासा.

‘आणि रबरी मासा लावायचा तर हे पाहिजे,’ म्हणून मानसिंगकाकांनी खणांचा एक डबा उघडला.

त्यात जिग हेड होती. म्हणजे गळच, पण त्याच्या मानेला शिशाचं डोकं ओतलेलं. गळावर रबरी मासा ओवायचा, शिशाच्या वजनाने तो खाली जातो, आणि काठीने उचकवला की तळावरून उड्या मारत येतो. बुडालेल्या धोंड्यांच्या आसऱ्याला बसलेल्या जिताड्याला वाटतं, काहीतरी लंगडत चाललंय. डोकी तऱ्हेतऱ्हेची. गोल, हरभऱ्यासारखी. बाणासारखी टोकदार. काही आडवी, रग्बीच्या चेंडूसारखी, दोन्ही बाजूंना निमुळती.

‘खाली सगळा दगड आहे अण्णा. फटीच फटी. हे आडवं घ्या, चौदा ग्रॅमचं. फटीत शिरत नाही.’

बाबांनी डब्यातलं सगळ्यात जड, बाणाच्या टोकाचं, अठ्ठावीस ग्रॅमचं उचललं आणि तळहातावर तोललं. ‘हे बरं आहे. ते तुमचं आडवं बटाट्यासारखं दिसतंय.’

‘ते फटीत जाऊन बसतंय, सांगतो की.’

‘मानसिंगराव, मिसरूड फुटायच्या आधीपासून मी जिताडे धरतोय.’

‘सरी,’ मानसिंगकाका म्हणाले आणि जड जिगची पुडी बांधली. ह्या ‘सरी’चा अर्थ ‘बरं’ असा होतो, पण त्यांनी तो ‘मरा’ असा उच्चारला.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात जीव आला, आणि माझ्या जिवाला घोर. कारण बाबा खाणीवर जायचा दिवस कालनिर्णय बघून ठरवायला लागले. रविवारी मी गाडीची किल्ली हातात घेऊन तयार, आणि ते म्हणणार, ‘आज नको. आज अष्टमी. भांगाचं पाणी, भरतीला जोर नाही, मासा हलायचा नाही.’

‘बाबा, ती खाण आहे.’

‘मला दिसतंय ती खाण आहे.’

‘तिथे समुद्र नाही. भरती नाही, ओहोटी नाही.’

‘तिथी तर आहे ना?’

पालथ्या घड्यावर पाणी. मग मला पौर्णिमेला नि अमावस्येला रजा काढाव्या लागल्या. ऑफिसच्या कॅलेंडरवर मी वैतागून ‘अमावस्या’ असंच लिहिलं, तर माझी मॅनेजर चंदना हळूच येऊन म्हणाली, घरी काही त्रास असेल तर तिच्या ओळखीचे एक भट आहेत.

खाण मात्र सुंदर होती, ते कबूल केलं पाहिजे. तीन बाजूंना कापलेल्या खडकाच्या उभ्या भिंती, मध्ये हिरवंगार पाणी, आणि वर घारी. बाबा काठी फिरवत तेव्हा त्यांच्या खांद्यांकडे बघत राहावंसं वाटायचं; सोफ्यावर बसलेल्या माणसाचे ते खांदे नव्हतेच. जिग लांब जाऊन पडे, दोरी सरसर सुटे, बाबा ती तळाला टेकू देत, आणि मग त्यांच्या सवयीप्रमाणे वाट बघत. गाळात पडलेलं शिसं वाट बघतं. दगडात पडलेलं शिसं घसरत घसरत फटीत जातं. ते ओढायला लागले की काठी वाकून कमान व्हायची, आणि पलीकडे मासा नसायचा, कर्नाटक असायचं.

आणि बाबा दोरी तोडायचे नाहीत. काही केल्या नाहीत. ताणून धरून उभे राहायचे, ह्या बाजूला जायचे, त्या बाजूला जायचे. महांतेश खुर्चीत बसून सगळं बघत असे. ‘सर, माझ्या दगडांना तुम्ही दागिने घालताय,’ असं तो एकदा हिंदीत म्हणाला. बाबांना ते आवडलं नाही.

दिवाळीच्या आधीच्या पौर्णिमेला मी काठावर लॅपटॉप उघडून बसले होते. मान वर केली तर बाबा जागेवर नव्हते. काठी खडकावर टेकवून ठेवलेली, आणि बाबा खाली, पाण्याच्या कडेला, शेवाळलेल्या पायरीसारख्या एका कपारीवर, एक हात खडकाला आणि दुसऱ्या हाताला दोरी गुंडाळून, ओणवे होऊन अडकलेली जिग सोडवत होते. चपला काढलेल्या. खाली किती खोल होतं ते महांतेशलाही माहीत नव्हतं.

मी किंचाळले. महांतेश धावला, त्याने त्यांना दंडाला धरून वर घेतलं. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ते म्हणत होते, ‘काही नाही, काही नाही, सुटलीच होती.’

होसकोटेपासून महादेवपुऱ्यापर्यंत मी गाडी चालवत होते आणि बोलत होते. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एका शिशाच्या तुकड्यासाठी, म्हणाले. डॉक्टरांनी काय सांगितलंय, म्हणाले. शेवटी ‘जित्याची खोड...’ असं तोंडातून गेलं आणि पुढचे शब्द मी गिळले. म्हण पुरी करायची माझी छाती झाली नाही. बाबांनी खिडकीबाहेर बघत ती मनातल्या मनात पुरी केली असणार.

मारतहळ्ळीच्या पुलाखाली गाड्या थांबल्या होत्या. तिथे ते म्हणाले, ‘शमिका, मला तिथे पाणी ओळखीचं आहे. इथे मी पाय ठेवतो तोच चुकतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढ.’

‘काढते,’ मी म्हणाले आणि तिथेच, सिग्नल लाल असताना, फोनवर तिकीट काढलं. रागाच्या भरात माणूस किती चपळ होतो! त्यांच्या फोनवर मेसेज वाजला. त्यांनी वाचला आणि ‘बरं’ म्हणाले. सिग्नल हिरवा झाला तरी मला दिसेना, मागच्यांनी हॉर्न वाजवले.

नंतरचे दिवस आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे वागलो. ‘चहा घेणार का?’ ‘घेईन.’ असं. त्यांनी बॅग माळ्यावरून काढून ठेवली. मी रोज ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून रेवदंड्याचं ते घर डोळ्यांपुढे आणत होते, त्यात रात्री कोण असणार, फोन उचलला नाही तर मी कुणाला धाडणार. माझे बाबा माझ्यापासून हजार किलोमीटरवर एकटे मरतील, असं मला स्पष्ट दिसत होतं, आणि ते थांबवायला माझ्याजवळ एकही शब्द उरला नव्हता.

पुढच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात मानसिंगकाका, हातात तोच खणांचा डबा.

‘अण्णा दुकानाला आले नाहीत. मी म्हटलं, जिग संपल्या की काय सगळ्या.’

बाबांनी त्यांना बसवलं. मी कॉफी करायला आत गेले आणि कान बाहेर ठेवले. मानसिंगकाका भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर जाऊन उभे राहिले होते. पौर्णिमा-अमावस्यांना बाबांनी निळ्या पेनने गोल केले होते.

‘हे काय अण्णा? उपास?’

बाबांनी सांगितलं. कुणी विचारलं की बाबा छान समजावतात. पौर्णिमा-अमावस्येला उधाण येतं, पाणी जोरात चढतं नि जोरात उतरतं, आणि ते वळायच्या वेळेला जिताडा खाडीच्या तोंडाशी येतो. त्या ओढीत हलका गळ टाकला तर पार पुलाखाली वाहून जातो, म्हणून जड शिसं. शिसं तळाला धरून राहिलं पाहिजे. मानसिंगकाका अगदी मन लावून ऐकत होते. ते समुद्रावर कधी मासे धरायला गेलेच नव्हते.

‘म्हणजे पाणी ओढतंय म्हणून जड,’ ते म्हणाले.

‘तर काय.’

‘आणि खाणीत कोण ओढतंय?’

कॉफी उतू गेली, पण मी हलले नाही. 

‘मी शिसं माशासाठी घेतच नव्हतो,’ बाबा हळूच म्हणाले. ‘ओहोटीसाठी घेत होतो. इथे नसलेल्या ओहोटीसाठी.’

मला वाटलं आता मानसिंगकाका जिंकल्यासारखे हसतील. पण त्यांनी कपाळाला हात लावला. ‘अण्णा, माझं पण तसंच झालंय की! मी लहानपणापासून कावेरीत. नदी पण ओढते. चौदाच्या खाली माझा हात उतरतच नाही. माझ्यापण किती गेल्या त्या खाणीत, कुणाला सांगितलं नाही मी.’

‘तुमच्यापण?’

‘सुम्मने, उगाच लाज कशाला घालवायची म्हणून गप्प होतो.’

मग दोघं जे हसले! असे हसले की बाबांना खोकला आला आणि मी पाणी घेऊन धावले.

त्यानंतर त्या दोघांनी माझ्या घराचं काय केलं ते ऐका. मुद्दा असा होता: शिसं हलकं पाहिजे, म्हणजे जिग सावकाश उतरते, फटीत घुसत नाही. पण दुकानात मिळणाऱ्या हलक्या जिगचा गळही बारीक तारेचा, जिताडा तो टाचणीसारखा सरळ करून निघून जातो. म्हणजे मोठ्या जिगचा दणकट गळ हवा आणि लहान जिगचं वजन. असं काही कुणी विकत नाही. तेव्हा बाबांनी बाल्कनीत पेपर पसरला आणि सुरीने मोठ्या जिगचं शिसं तासायला घेतलं. बाल्कनीचं दार लावून घेतलं होतं हीच काय ती कृपा. आत येऊन वजन करत होते ते माझ्या कॉफीच्या काट्यावर. ‘बाबा, शिसं! विष असतं ते!’ ‘मग नवीन काटा घे.’ घेतला.

आणि दगडावर कुठला आकार कसा बसतो हे बघायला त्यांना स्वच्छ पाणी पाहिजे होतं. दुपारी मी बाबांशी भांडल्यासारखी क्लायंटशी भांडत होते, तेवढ्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. आमच्या स्विमिंग पूलच्या उथळ कडेला दोन म्हातारे पालथे पडून पाण्यात बघतायत, आणि तळाशी बागेतले शोभेचे दगड रचलेले. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘हे कोणत्या फ्लॅटचे?’

मी पायऱ्यांवरून धावत गेले. गार्ड हात जोडून ‘सर, इल्ली बेडा, बेडा’ करत होता, म्हणजे इथे नको, नको. मानसिंगकाका त्याला कन्नडमध्ये समजावत होते की गळांची टोकं पकडीने तोडलेली आहेत, पोरांना काही लागणार नाही.

‘इकडे ये गो,’ बाबा मान न वळवता म्हणाले. ‘बघ.’

मी रागवायला गेले होते. खरंच. पण त्यांनी बाणाची जिग सोडली आणि ती माझ्या डोळ्यांदेखत दोन दगडांच्या मध्ये तोंड घालून बसली, ओढली की अजूनच रुतत होती. गोल सोडली, ती गडगडली आणि शेवटी तशीच अडकली. मग तासून हलकी केलेली आडवी जिग. ती तरंगत तरंगत आली, फटीवर आडवी बसली, आणि रबरी माशाची शेपटी वर उभी राहिली. बाबांनी काठीचं टोक किंचित उचललं. ती डुलली आणि पुढच्या दगडावर चढली.

‘आणि अडकलीच तर ओढायचं नाही,’ बाबा म्हणाले. ‘दोरी सैल सोडायची आणि हलवायची. मी ओढत होतो. जितकं ओढावं तितकं रुततं.’

मी पण पालथी झाले आणि बघितलं. ग्रुपवर दुसरा फोटो आला त्यात तीन माणसं होती.

दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना, एका साध्या बुधवारी, कुठलीही तिथी न बघता आम्ही तिघं खाणीवर गेलो. बाबा महांतेशला आपणहून ‘नमस्कारा’ म्हणाले. दोन-तीनदा जिग अडकली. बाबांनी दोरी सैल सोडली, मनगट हलवलं, निघाली. एकदा नाही निघाली.  त्यांनी खिशातून कात्री काढली, दोरी कापली आणि दुसरी जिग बांधायला घेतली. मला त्या कात्रीला हळदकुंकू वाहावंसं वाटलं.

ऊन खडकाच्या भिंतीवर चढत होतं. बाबांची जिग तळावरून उड्या मारत येत होती, मला दिसत नव्हती पण काठीच्या टोकावरून कळत होती. टुक. टुक. मग टोक एकदम खाली गेलं, आणि हा दगड नव्हता, कारण दगड पळत नाही.

मासा पाण्याबाहेर उसळला. सगळाच्या सगळा, उन्हात चांदीसारखा, डोकं झटकत. ‘जिताडा!’ बाबा ओरडले. फोटो बघून इतके दिवस झाले होते, पण त्यांचा विश्वास त्या क्षणी बसला. रीळ किरकिर करत सुटलं. मासा धोंड्यांकडे निघाला, बाबांनी पाय रोवून त्याला वळवला, तो पुन्हा निघाला. त्यांच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते, माशाकडे नाही. ‘बाबा, बास झालं, द्या ती काठी’ हे शब्द माझ्या ओठांवर होते आणि मला ठाऊक होतं की ते देणार नाहीत. देणारा माणूसच नाही तो.

‘शमिका,’ बाबा म्हणाले, ‘छातीत भरून आलंय. धर.’

आणि काठी माझ्या हातात दिली.

मला आधी कळलंच नाही. मग मी काठी धरली, मानसिंगकाकांनी बाबांना खडकावर टेकवून बसवलं, जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या खिशातून काढून दिली. बाबा बसल्या जागेवरून मला सांगत होते, टोक वर ठेव, गुंडाळू नकोस, जाऊ दे त्याला, आता गुंडाळ.  डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी मासा ओढत होते आणि ओरडत होते, ‘आता कसं वाटतंय? खरं सांगा!’

‘आता बरं आहे. खरंच बरं आहे. अगो, रीळ बघ!’

महांतेशने जाळी घालून मासा वर घेतला. माझ्या हाताएवढा होता, खांद्यापासून बोटांपर्यंत. आडवी जिग जबड्याच्या कोपऱ्यात घट्ट रुतली होती आणि गळ जरासुद्धा वाकला नव्हता. मानसिंगकाका गळाकडेच बघत राहिले. बाबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. असं मी बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं.

घरी जाताना डॉक्टरांकडे गेलो. काळजीचं काही नव्हतं. दमले होते, आणि वेळेवर थांबले होते. मासा मागे बर्फाच्या पेटीत, मानसिंगकाकांच्या पायाशी. आईच्या पद्धतीने करावा की नुसता तळावा, असा विचार करत मी बेळ्ळंदूरकडे गाडी वळवायला लागले.

‘हलसूरला घे,’ बाबा म्हणाले.

‘का? काकांना दारात सोडायला?’

त्यांनी नुसतं पुढे बोट केलं. हलसूरच्या बोळात मी गाडी लावली. बाबांनी पेटी उघडली, मासा ओल्या पंच्यात गुंडाळला आणि दोन्ही हातांवर आडवा घेतला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आमच्याकडे वर्षातला पहिला जिताडा घरात खात नाहीत. तो सोयऱ्यांकडे पाठवतात. मुलगी दिलेल्या घरी, किंवा ज्या घराशी जन्माचं नातं जोडायचंय त्या घरी. लहानपणी ओट्यावर बसून मी पाहिलेलं आहे: असा गुंडाळलेला मासा घेऊन कुणीतरी आलं की मोठी माणसं उठून उभी राहत. बाबांनी उभ्या आयुष्यात इतके जिताडे धरले, पण पहिला पाठवायला त्यांना घर नव्हतं. मी लग्न केलं नाही. ते एका शब्दाने कधी बोलले नाहीत. दरवर्षीचा पहिला मासा ते परत खाडीत सोडून देत असत.

मानसिंगकाकांची बायको दार उघडून उभी होती. प्रेमाकाकू. हात ओले, पदर खोचलेला. बाबांच्या हातांकडे बघून ती गोंधळली.

‘अय्यो अण्णा, हे काय? तुमच्या घरी न्या की! मुलीला करून घाला.’

‘नाही वहिनी. पहिला आहे. पहिला सोयऱ्यांच्या घरी जातो.’

प्रेमाकाकूंनी मानसिंगकाकांकडे बघितलं. मानसिंगकाकांनी माझ्याकडे.  मी काही सांगायच्या आत त्या बाईने पटकन हात पुसले, पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही हात पुढे केले आणि मासा घेतला.

‘एवढा मोठा,’ ती म्हणाली. ‘अण्णा, एकदाच दिलात ते पण फार झालं.’

‘एकदाच कसा?’ बाबा म्हणाले. ‘दरवर्षी येईल. ह्या खाणीतलाच.’